लंकाबाईचा पहारा

शुक्रवारी सकाळी सावरवाडीत कर्णा आला आणि गाव वेड्यासारखं शाळेकडं पळत सुटलं. स्वातंत्र्य मिळालं होतं ते होतंच. झेंडा लागणार होता, पेढे वाटले जाणार होते, मास्तर भाषण ठोकणार होते. पण खरं सांगायचं तर निम्मं गाव पळत होतं ते त्या कर्ण्यासाठी. संगमनेरहून लॉरीत घालून आणलेला हा पितळी भोंगा, त्यात माणूस इकडं बोलला की वेशीपलीकडं ऐकू जातं म्हणे. म्हाताऱ्यांनी काठ्या उचलल्या, बायांनी चुली विझवल्या, आणि ज्यांनी उभ्या जन्मात कशाची घाई केली नाही तेही धोतराचा सोगा हातात धरून निघाले.

लंकाबाईनं पेटीतलं कोरं लुगडं काढून नेसलं होतं. पंचेचाळीस वर्षांची बाई, पण आज तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

"बने, आगं चल की! समदी जागा धरत्याल!" तिनं शेजारच्या बनुबाईच्या दारात हाक दिली.

"आले गं बाई, आले! कर्ना काय उडून जातोय व्हय?"

दोघी निघाल्या खऱ्या, पण गल्लीच्या तोंडाशी लंकाबाई थबकली. एरवी ती ओढ्याच्या आडवाटेनं जायची. आज ओढ्याला मांडीभर पाणी होतं. राहिला रस्ता तो एकच, विठोबाच्या देवळावरून. आणि त्या देवळाची पायरी न चढण्याची, त्याच्या मंडपाकडं मान वळवून न बघण्याची तिची शपथ होती.

शपथेचं कारण पाच वर्षांमागचं. गावात दर श्रावणात सप्ताह बसायचा. सात दिवस, सात रात्री वीणा जमिनीला टेकवायची नाही आणि नाम थांबवायचं नाही. एकाचा पहारा संपला की दुसऱ्यानं नाम उचलायचं, मग पहिल्यानं आपल्या गळ्यातली वीणा त्याच्या गळ्यात घालायची, आणि दोघांनी एकमेकांच्या पायांवर डोकं ठेवायचं. लहान-थोर बघायचं नाही. त्या साली छगनचा पहारा चालू असताना त्याचं खोंड विहिरीत पडल्याची आरोळी आली. छगननं इकडंतिकडं बघितलं. मंडप झाडत होती फक्त लंकाबाई. त्यानं वीणा तिच्या गळ्यात घातली आणि तो पळाला. लंकाबाई दोन तास उभी राहिली. नाम खंडू दिलं नाही. त्या दोन तासांत तिला जे सुख झालं ते तिला ना माहेरी मिळालं होतं, ना विसाव्या वर्षी कुंकू पुसलेल्या त्या संसारात.

मग रंगनाथबुवा आले. सप्ताहाचे धनी तेच. त्यांनी वीणा हिसकावली, सगळ्या मंडळींना गोळा केलं आणि तिच्यादेखत ती गोमूत्रानं धुतली. "विधवा बाईच्या गळ्यात वीना! सप्ताह बाटवला हिनं," म्हणाले. छगन गर्दीत खाली मान घालून उभा होता. वीणा आपणच दिली हे सांगायला पुढं आला नाही. त्या वर्षी बाजरी काणीच्या रोगानं गेली, तर तेही पाप लंकाबाईच्याच माथी मारलं. मेली माणसं! बाजरीला काणी धरते ती काय बाईचा गळा बघून?

तेव्हाच लंकाबाईनं ठरवलं होतं, जोवर ही मंडळी येऊन 'चुकलो' म्हणत नाहीत तोवर देवाचं नाव तोंडातून काढणार नाही. दळताना तिच्या ओव्या अख्खी आळी ऐकायची. त्या बंद झाल्या. पाच वर्षं तिचं जातं नुसतं घरघरत होतं. आणि पाच वर्षांत कुणी आलं नाही.

"डोळं मिटून चल माज्यासंगं, म्या हात धरते," बनुबाई म्हणाली.

लंकाबाई पदर पुढं ओढून झपाझप चालू लागली. शाळेकडून कर्णा खरखरला, मग त्यातून मास्तरांचा आवाज एवढा मोठा निघाला की वडावरचे बगळे उडाले. बनुबाई किंचाळली, हसली आणि लंकाबाईचा हात सोडून धूम पळाली.

लंकाबाईही पळणारच होती. तेवढ्यात मंडपातून आवाज आला.

"रामकृष्णहरी... रामकृष्ण..."

पुढचं 'हरी' आलंच नाही. बऱ्याच वेळानं, दमेकऱ्यानं श्वास ओढावा तसं आलं.

ती नको म्हणत असतानाच तिची मान वळली. यंदाच्या सप्ताहाचा सातवा दिवस, आणि अख्ख्या मंडपात चिटपाखरू नव्हतं. सात दिवसांचे पहारेकरी, टाळकरी, सगळे कर्णा बघायला गेलेले. प्रत्येकाला वाटलं होतं दुसरा आहे. आणि मधोमध रंगनाथबुवा एकटे उभे होते, सत्तरीचे, सात दिवस नुसत्या दुधावर राहिलेले, पहाटेपासून गळ्यात वीणा. पाय लटलट कापत होते. वीणेचा भोपळा जमिनीपासून वीतभर राहिला होता.

लंकाबाईच्या मनात आलं, पडू दे! पडू दे मेल्याच्या हातानं! उद्या सगळ्या गावापुढं म्हणता येईल, सप्ताह कुणी बाटवला बघा. देवानं न्याय केला म्हणायला काय हरकत होती? तिला फक्त दहा पावलं पुढं चालत जायचं होतं. तिकडं कर्ण्यातून 'भारतमाता की जय' झालं आणि तिनं एक पाऊल टाकलंही.

बुवांनी तिला बघितलं. त्यांच्या डोळ्यांत ओळख आली आणि भीतीही आली.

ती गर्रकन वळली आणि पाच वर्षांनी पायरी चढली. थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. रोज दळताना मनात घोटलेलं वाक्य जिभेच्या टोकावर होतं: आधी म्हना. चुकलो म्हना, मंग घेते.

आणि त्याच घटकेला तिच्या ध्यानात आलं की ज्याच्या गळ्यात वीणा आहे त्याला नामाशिवाय दुसरं अक्षर काढता येत नाही. बुवांनी मनात आणलं असतं तरी माफी मागता आली नसती. ती मागायची तर नाम तुटणार.

"रामकृष्ण..." बुवांचा गुडघा वाकला.

दुसऱ्यानं नाम उचलल्याशिवाय पहिल्यानं वीणा द्यायची नसते. म्हणजे आधी शपथ मोडायची ती तिनंच. समोरच्याकडून काही मिळायच्या आधी.

"...हरी!" लंकाबाई ओरडली. ओरडलीच. पाच वर्षं न वापरलेला गळा, फाटका आवाज निघाला. "रामकृष्णहरी! रामकृष्णहरी!"

बुवांनी वीणेची दोरी आपल्या मानेवरून काढून तिच्या मानेत घातली. वीणेचा भार छातीवर आला तशी लंकाबाईला रडूच फुटलं, पण नाम तिनं सोडलं नाही. वीणा दोन्ही हातांनी उराशी धरून ती वाकली आणि बुवांच्या पायांवर डोकं टेकलं.

आता पाळी बुवांची होती. ते उभे राहिले. लंकाबाई गात राहिली, डोळे त्यांच्यावर रोखून. शेवटी म्हातारा खांबाला धरून खाली झाला आणि त्यानं तिच्या चिखलाच्या पायांवर कपाळ ठेवलं. मग तिथंच सतरंजीवर आडवा झाला. आता त्यांचं तोंड मोकळं होतं. हवं ते बोलता आलं असतं. ते काही बोलले नाहीत.

नाही तर नाही! लंकाबाईला मौज वाटली ती याची, की आपल्याला त्यांच्या बोलण्याची वाट बघायला फुरसतच नाही. आवाज मोकळा होत चालला होता. पायांना ठेका सापडला. तिकडं कर्णा घुमत होता, इकडं ही घुमत होती, आणि तिला वाटलं, आज दोन ठिकाणी सुटका झाली.

दोन तासांनी पोरंबाळं, टाळकरी, सगळं गाव पेढे खात परत आलं. सर्वांपुढं छगन. आपला पहारा आठवून तोंडातला पेढा न गिळता धावत आलेला. मंडपाशी येऊन तो खिळल्यासारखा उभा राहिला. मागचे त्याच्या पाठीवर आदळले. लंकाबाईनं कुणाकडं बघितलं नाही. तिचं नाम चालूच होतं.

"बुवा, ही... वीना..." गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "गोमूत्र आनू का?"

लंकाबाईनं ते ऐकलं. सूर मात्र हलला नाही.

रंगनाथबुवा हळूहळू उठून बसले. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडं बघत होतं. त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"नाम खंडलं न्हाई," ते म्हणाले. "फुडचा पहारा कुनाचा हाय?"

एवढंच. ना तिचं नाव, ना पाच वर्षांमागचा शब्द.

छगन पुढं झाला. त्यानं तोंड पुसलं, हात जोडले आणि "रामकृष्णहरी" म्हणत नाम उचललं. लंकाबाईनं वीणा त्याच्या गळ्यात घातली. ती वाकायच्या आधीच तो वाकला, आणि वर उठायला त्याला जरा वेळ लागला. मग तीही वाकली.

पायरीखाली बनुबाई उभीच होती. तिनं लंकाबाईचा दंड धरला. "आगं, वीना तुला दिली म्हंजी बुवानं तुजं पाय धरलं असनार! पाच वर्सांनी का हुईना, माफी मागितली की गं!"

"न्हाई बने. वीना देताना समदेच वाकत्यात. त्यो नमस्कार वीनेचा."

"मंग छगननं?"

"त्यानंबी वीनेलाच केला."

"आन् तुजं? तुजं काय झालं मंग?"

लंकाबाई चालता चालता हसली. "माजं व्हय? माफी कुनी मागितली न्हाई, तरी म्या दिऊन टाकली. लई जड झालं हुतं."

"आन् कर्ना? कर्ना ऱ्हायला की बघायचा!"

"ऱ्हाऊ दे. माजा आवाज काय ल्हान हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी पहाटे काल्याच्या जेवणासाठी घरोघर दळण पडलं होतं. लंकाबाईनं जात्यात पहिली मूठ घातली, खुंटा धरला, आणि देवाचं नाव घेऊन ओवी उचलली. बसलेलाच होता गळा. आवाज घोगराच निघाला. भिंतीपलीकडं बनुबाईनं आपलं जातं थांबवलं. मग पुढच्या घरातलं थांबलं, मग त्याच्या पुढचं. सगळ्या आळीत एकटं लंकाबाईचंच जातं फिरत राहिलं.