उर्होकाकांची न मुतणारी मोटर

हिल्माकाकूंची अट साधी होती. उर्होकाकांच्या माघारी त्यांची जुनी मोटर बोटीला लावायची, काकूंना तळ्यातल्या बेटावर नेऊन आणायचं. ज्याच्या हातून मोटर धड परत येईल, त्याची. थोरला पुतण्या रेनो गेल्या रविवारी जाऊन आला होता. त्याला ती आपल्या बारच्या भिंतीवर टांगायची होती, मूस हरणांच्या दोन मुंडक्यांच्या मधोमध. आता पाळी धाकट्या वर्नरची होती.

वर्नर निस्काला म्हणजे बुडाखाली मुंग्या घेऊन जन्मलेला माणूस. सौनात, वाफेच्या खोलीत, बसला तरी दार उघडून बघायचा, घर जागेवर आहे ना म्हणून.

धक्क्यावर त्यानं मोटर पाण्याच्या पिंपात चालवून पाहिली. मोटर गार राहते ती तळ्यातलंच पाणी ओढून, आणि पाणी फिरतंय याची खूण म्हणून बाजूनं बारीक धार उडते. धार बंद, की मोटर तापून जाम. इथं धारेचा पत्ताच नव्हता. त्यानं पाणी ओढणारी रबरी चक्री नवी घातली. बाजूचं एक भोक तारेनं कोरलं. आतून गांधीलमाशी निघाली, नाकाला डसली, गेली. पाणी नाही.

"काकू, ही मुततच नाही हो!"

"तुझे काकाही शेवटी शेवटी असेच. चल, कॉफी निवतेय."

निघाले. वर्नरचं पुढं कमी, मागंच जास्त लक्ष. मान मागं वळली की हातातला मोटरचा दांडा ओढला जायचा आणि बोट वळायची. अशी ती मधल्या पाण्यात गोल गोल फिरत राहिली. इतकी, की तळ्यात भोवरा पडला आणि खालचे वॉलआय मासे घेरी येऊन उलटे तरंगले. काकूंनी विणकाम बाजूला ठेवून ते जाळीनं बादलीत भरले. खोटं वाटत असेल त्यानं बादली बघून यावी. अजून आहे.

"काकू, जळेल ही! परत फिरू या."

"मघापासून दुसरं काय करतोयस? मोटर थांबव. टोपण काढ, डोक्यावर हात ठेव. तिच्या रे, स्वतःच्या नव्हे!"

वर्नरनं भीत भीत हात ठेवला. भट्टीतून काढून ठेवलेल्या पावाइतकी ऊब. हात टिकत होता.

"आता चालू कर, आणि धूर निघतो तिथं बघ."

धुराबरोबर पाण्याचे शिंतोडे उडत होते. फुर्र, फुर्र.

"ही मुतत नाही, थुंकते. हिला बाजूची धार नाहीच."

"मग मी कोरलं ते भोक?"

"स्क्रूचं. गांधीलमाशी भाड्यानं राहत होती."

"आणि हे आत्ता सांगताय?"

"रेनोलाही नव्हतं सांगितलं. तो सुसाट गेला, एकदा मागं वळून बघितलं नाही. खाली पाणी ओढतं तिथं शेवाळ अडकलं, थुंकी बंद पडली, तरी हा आपला शीळ घालतोय. शेवटी मीच हात घालून बंद केली." काकूंनी सुया उचलल्या. "मोटर तुझी. पण तू पुढं बघायचं. मागं मी बघणार."

तेव्हापासून काकू बोटीत त्याच्याकडे तोंड करून बसतात आणि वर्नरला मान वळवायची बंदी आहे.

"काकू, थुंकतेय ना?"

"थुंकतेय."

पण कधी कधी, अगदी मधल्या पाण्यात, तो तेच विचारतो. काकू त्याच्या मागं मोटरकडे बघतात, भुवया उंचावतात, आणि उत्तर देण्याआधी हातातली ओळ विणून संपवतात. लांबच लांब ओळ.