सगळ्यांची एकच चाल

आधीच सांगते, ते कार्टून भिकार होतं. मी काही शिकलेली बाई नाही, दुसरीतनंच शाळा सुटली माझी. पण भाकरी कच्ची राहिली का भाजली, हे सांगायला शाळा लागत नाही. रविवारी सकाळी चांगुणाच्या खोलीत अर्धी कॉलनी त्या टीव्हीपुढं मांडी घालून बसायची आणि मी त्यांच्यात, भिंतीला टेकून, दुखरा पाय लांब करून.

गोष्ट काय, तर एक राजाचं पोरगं. त्याला कुणीतरी आभाळात पळवून नेलेलं. ते लोखंडी पाखरावर बसून आपलं गाव शोधत फिरतंय. दर रविवारी एक राक्षस आडवा येणार, पोरगं दात-ओठ खाणार, हातातनं वीज सुटणार, राक्षस आडवा. पुढच्या रविवारी तोच राक्षस, शिंगं तेवढी बदललेली. पोराचे डोळे बशीएवढे. तोंड नुसतं उघडझाप करतंय आणि बोलणं मागनं कुठून तरी येतंय. रडलं तरी एकच थेंब, तो पण दर वेळी डाव्या डोळ्यातनंच.

सगळ्यात वाईट म्हणजे चालणं. राजा तसाच चालायचा, चोर तसाच, म्हातारा तसाच, पोटुशी बाई पण तशीच. एकदा कुणीतरी चालणारा माणूस काढला असेल आणि मग त्यालाच मिशी लावली, पदर लावला, मुकुट घातला. मी म्हणायची, "चांगुणा, या गावात सगळ्यांची एकच चाल कशी गं? कुणाला म्हणून काटा टोचत नाही, कुणाला जोडा चावत नाही?"

चांगुणा म्हणायची, "आक्का, गप बघा ना."

तिची सासू नवसाबाई लय फटकळ. ती एकदा म्हणाली, "एवढी नावं ठेवतीस, तर येतीस कशाला दर रविवारी पाय ओढत?"

चांगुणानं सासूकडं असं बघितलं, की म्हातारी गप बसली. मी कशाला येते ते तिलाही ठाऊक होतं, कॉलनीत सगळ्यांनाच ठाऊक होतं.

माझा निवृत्ती त्या कार्टूनमध्ये काम करत होता.

निवृत्ती माझा एकुलता एक. चूल पेटवायला कोळसा ठेवला की तो आधी भिंतीवर जायचा. न्हाणीमागची भिंत सगळी काळी करून ठेवलेली. बैल, कोंबड्या, गिरणीतला माणूस, पाण्याला उभ्या बायका. ह्यांनी, म्हणजे निवृत्तीच्या बाबांनी, साहेबाच्या हातापाया पडून त्याला आपल्याच कचेरीत, आपल्यासारखीच शिपायाची जागा मिळवली. आठवड्यात सोडून आला. म्हणाला, मुंबईला जातो, तिथं चित्रांचं काम मिळतंय. ह्यांचं डोकं फिरलं. जयराम पगारे म्हणजे तोंडातनं शब्द गेला की तो परत घ्यायचा नाही असला माणूस. सगळ्या कॉलनीच्या देखत म्हणाले, "जा. चार लोकांना वाचता येईल असं कुठं तुझं नाव लिहिलेलं दिसलं, तरच या दारात ये. तोवर मला तोंड दाखवू नको."

पोरगंही बापाचंच. पिशवी उचलली आणि गेलं. पुढं पत्र नाही, निरोप नाही.

आमच्या शेजारचा सहादू मुंबईला गोदीत कामाला. त्याला तो दादरला रस्त्यात भेटला. लय वाळला होता, खोकत होता म्हणे. सहादूला म्हणाला, "आईला सांगा, जपान्यांसारखं कार्टून काढतोय आम्ही. टीव्हीवर लागणार आहे, रविवारी सकाळी. त्यात माझं काम आहे. बघत जा म्हणावं." सहादूनं पत्ता विचारला, तेवढ्यात बस आली नि हा चढून गेला. पुढं सहादूनं शोधायचं सोडलं नाही, पण तो त्याला परत कधीच दिसला नाही.

पुढं ते कार्टून लागलं आणि मी बघायला लागले. चांगुणाच्या दिरानं मस्कतहून व्हिडिओ आणला तेव्हा एक खरी जपानी कॅसेटही लावली होती, एका पोरीची. ती पोरगी सगळी कॅसेटभर एकाच टेकडीवर उभी राहून रडत होती. तेही काही फार चांगलं नव्हतं, पण निदान तिच्या रडण्यात दोन-तीन तऱ्हा तरी होत्या. आमच्या पोरांनी त्याची नक्कल मारली आणि तीही धड नाही मारली. मला राग यायचा तो ह्याचाच. माझ्या पोरानं घर सोडलं ते ह्या असल्या कामासाठी? बापाशी नातं तोडलं ते ह्या शिंगवाल्या राक्षसासाठी?

तरी मी शेवटपर्यंत हलायची नाही. शेवटी नावं यायची, इंग्रजीत. चांगुणा सातवी झालेली, ती पडद्याला नाक लावून बसायची. नावं अशी सुसाट वर जायची, की बिचारीची मान दुखायची. अर्ध्यात साबणाची जाहिरात लागायची. मी विचारायची, "आलं का गं?" ती म्हणायची, "आज नाही आक्का. पुढच्या रविवारी येईल." घरी गेल्यावर हे दाढी करता करता आरशातनंच माझ्या तोंडाकडं बघायचे. विचारायचे काहीच नाहीत, पण हात थांबलेला असायचा.

त्या पावसाळ्यात मी नाशिकरोडच्या बाजारात घसरून पडले. माझा डावा पाय लहानपणच्या तापानं आधीच बारीक, मी गुडघ्यावर हात दाबून चालायची. पडल्यापासनं तेही होईना. ह्यांची जुनी काळी छत्री होती, कापड फाटलेलं, पण दांडा शाबूत. मुठीला मी जुन्या लुगड्याची चिंधी बांधली, तिची दोन टोकं लोंबती राहिली. तीच छत्री टेकत फिरायला लागले. भर उन्हातही मिटलेली छत्री घेऊन निघालेली बघून लोक हसायचे. हसेनात का, पाय तर निघत होता.

तर एक रविवार. राजाचं पोरगं कुठल्याशा बाजारात उभं आणि त्याच्या मागनं एक म्हातारी चालली होती, डोक्यावर हंडा घेऊन. लंगडत होती. एक हात गुडघ्यावर दाबायची, अंग एका बाजूला टाकायची, मग दुसरा पाय ओढून घ्यायची. मला लय राग आला. म्हटलं, "बघा, एवढ्या सगळ्यात एक वेगळी चालणारी काढली, ती पण हसायला. लंगड्या माणसाची चेष्टा करायला बरं सुचलं ह्यांना."

इकडं बघितलं तर सगळी खोली टीव्हीकडं पाठ करून माझ्याकडं बघत होती. नवसाबाईनं तोंडावर पदर घेतलेला. चांगुणाच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी.

"आक्का," ती म्हणाली, "अहो, ह्या तुम्ही."

मी कशाला स्वतःची चाल बघितलीय कधी? माणसाला आपलं तोंड आरशात दिसतं, आपलं चालणं कुठं दिसतं? माझ्या घरी येऊन चांगुणानं मला करून दाखवलं, गुडघ्यावर हात दाबून, या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत. म्हणाली, "तुम्ही पडायच्या आधी अश्शाच चालायच्या. हंडा पण तुमच्यासारखाच, जरा मागं कललेला." काय वाटलं ते सांगता यायचं नाही, पण त्या दिवशी मी जेवले नाही आणि मला भूकही लागली नाही.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "जगात एकटी तूच लंगडी आहेस का?"

त्या कार्टूनला मी ज्यासाठी शिव्या घालायची, तेच आता मला पावलं. ते लोक एकदा काढलेलं परत परत वापरायचे ना? मग ती म्हातारीही परत परत यायला लागली. कधी बाजारातनं, कधी राजाच्या वाड्यामागनं, एकदा तर आभाळात, ढगावरनं हंडा घेऊन चालली होती. सगळे हसले, मीही हसले. सगळ्यांची एकच चाल, आणि त्यांच्यात माझी तेवढी माझी. मी मनातल्या मनात म्हणायची, करा बाबांनो, अशीच चालढकल करा, नवीन काही काढू नका.

सहादू सुट्टीवर आला, तेव्हा त्याला हौसेनं बोलावून दाखवलं. तो हळू आवाजात म्हणाला, "शकुवहिनी, हे एकदाच काढलेलं असतंय. कधीचं असेल काय माहीत. त्या कंपनीत मी जाऊन आलो. तिथं म्हणाले, असली पुष्कळ पोरं येतात-जातात, पगारे कोण आम्हाला ठाऊक नाही."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पण म्हणजे मी इतके दिवस जुनीच बाई बघत होते. तिच्या हातात छत्री नव्हती, हात गुडघ्यावरच होता. ज्यानं तिला काढलं त्याला मी पडले हेसुद्धा ठाऊक नव्हतं. तो खोकत होता. कुठं तरी फुटपाथवर मरून पडला असला, तरी ही म्हातारी रविवारच्या रविवारी अशीच चालत राहिली असती. त्यानंतर ती आली की मला बघवेना, आणि न बघता राहवेनाही. चांगुणाला म्हणायची, "आज काही नवीन आहे का बघ गं. एखादं नवीन पाऊल." ती नाही म्हणून मान हलवायची.

मग टीव्हीवर सांगितलं की पुढच्या रविवारी शेवटचा भाग. शनिवारी मी ह्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, "तुम्ही एकदाही आला नाहीत. उद्या संपतंय ते. परत कुठं बघायला मिळायचं नाही. नाव नाही दिसत, पण त्याच्या हातचं काहीतरी आहे. चला."

म्हणाले, "मी सांगितलंय त्याला काय ते."

"त्याला सांगितलंय. मला नाही सांगितलं."

मी एकटीच गेले. राजाच्या पोराला शेवटी त्याचं गाव सापडेल, असं सगळ्यांना वाटत होतं. कुठलं काय. राक्षस मेला, लोखंडी पाखरू उडालं, खाली गाव दिसलं, चूल दिसली, धूर दिसला आणि तिथंच गाडं अडलं. पोरगं वरच. पैसा संपला असेल, नाहीतर अक्कल. एवढे रविवार बसवून ठेवलं आणि पोरगं घरी पोचवलं नाही मेल्यांनी.

मी उठायला लागले. बघते तर दारात हे उभे. चपला पायातच, आत आले नव्हते, पण आले होते. आणि तेवढ्यात पडद्यावर त्या गावातनं, त्या धुराजवळनं, म्हातारी निघाली.

हंडा नव्हता. हात गुडघ्यावर नव्हता. म्हातारी मिटलेली छत्री टेकत चालली होती.

भर उन्हात, राजा-राक्षसांच्या गावात, छत्री. पोरं खिदळली. मुठीला चिंधी बांधलेली आणि तिची दोन टोकं प्रत्येक पावलाला हलत होती. छत्री पुढं, मग चांगला पाय, मग ओढून घेतलेला बारका पाय. सगळं नवीन होतं, एक पाऊलही जुनं नव्हतं. मग नावं सुरू झाली आणि साबण लागला.

"ही माझी छत्री," हे म्हणाले. "ह्याला कुणी सांगितलं?"

कुणी सांगणार? सहादूला तो भेटला, तेव्हा माझ्या हातात छत्री नव्हती. त्यानंतर तो कुणालाच भेटला नव्हता.

मी म्हटलं, "कुणी नाही सांगितलं. त्यानं बघितलंय."

आनंद झाला, खोटं कशाला बोलू. जिवंत आहे माझं पोर, हात चालतोय त्याचा. आणि लगेच दुसरं मनात आलं, आणि ते पहिल्यापेक्षा जड होतं. तो आला होता. नाशिकला येऊन, बाजारात नाहीतर थांब्यावर, चिंधी दिसेल एवढ्या जवळ उभा राहून त्यानं मला बघितलं. आई छत्री टेकत चालली आहे हे डोळे भरून बघितलं आणि हाक न मारता परत गेला. नाव कुठं लिहिलेलं दिसलं नव्हतं ना अजून. बापाचा शब्द त्यानं पाळला.

हे दारातनंच मागं वळले. दुकानातनं पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणला आणि आमच्या दाराबाहेरच्या भिंतीवर, रस्त्याकडच्या अंगाला, लिहायला बसले. शिपायाचा हात, त्याला फायली उचलायची सवय, ब्रशची नाही. रंग मनगटापर्यंत ओघळला. लोक बघत उभे राहिले, तरी थांबले नाहीत. चांगुणानं मोठ्यानं वाचलं, "निवृत्ती जयराम पगारे." मग हे तिथंच ओट्यावर बसले आणि रडले. लग्न झाल्यापासनं मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

आता चांगुणाकडं रविवारी दुसरंच काही लागतं, मी जात नाही. मी छत्री घेते आणि बाजारात जाते, थांब्यावर जाते, काम असो नसो. हळू चालते. मधेच थांबते, रस्त्याच्या दोन्ही अंगांना बघते. कुणी बघत असेल तर त्याला वेळ मिळावा. भिंतीवरची अक्षरं वाकडीतिकडी आहेत, 'वृ' तर कसा तरीच झालाय. निवृत्तीनं बघितलं तर हसेल बापाला. हसायला तरी ये म्हणावं.