सदर अनुभव माझा स्वतःचा आहे

जयराजने चौथं पान उलटलं. आता दोन ओळींत वडिलांना गोळी लागणार होती, आणि तेवढ्यात वडील मागच्या दारातून आत आले.

इस्त्रीचा पांढरा शर्ट, पॉलिश केलेले तपकिरी बूट, हातात कापडी पिशवी. दाराशी पाय झटकून ते शेवटच्या बाकावर टोकाला बसले. वाचनाचं निमंत्रण विभागाकडून घरच्या नंबरवर परस्पर जातं, हे जयराजला माहीत नव्हतं. मेढ्याहून सांगली. म्हणजे पहाटेची एसटी धरली असणार.

वाचन

सर्जनशील लेखनाच्या या वर्गात चार सत्रांत अकरा आज्या, सहा बाप आणि एक बैल मेला होता. मेलेल्याला गुण जास्त पडतात हे पहिल्याच सत्रात सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. फक्त हळदीच्या व्यापाऱ्याची मुलगी ब्राह्मी तेवढी अडून बसली. तिने घरच्या हळदीच्या सौद्यांवर लिहिलं. विभागप्रमुख चौगुले सरांनी विचारलं होतं, "छान आहे, पण यात वेदना कुठंय?"

"घरी सगळे धडधाकट आहेत सर," ती म्हणाली होती. "विचारून बघते कोणी तयार आहे का."

जयराजचे वडील, हवालदार भाऊसो, फौजेत अठरा वर्षं लंगरात होते. पलटणीसाठी रोट्या लाटायचे. रोट्यांवर कोण रडणार? म्हणून जयराजने त्यांना सीमेवर नेलं, बर्फात उभं केलं आणि छातीत गोळी घातली. प्रकल्प आत्मकथनाचा होता, त्यामुळे शेवटी छापील ओळीखाली सही करावी लागे: सदर अनुभव माझा स्वतःचा आहे. खोटं निघालं तर प्रकल्प रद्द, वर्ष गेलं. पहिला नंबर आला तर जूनपासून इथेच तासिका तत्त्वावर शिकवायला मिळणार होतं.

पान गाळता आलं असतं. समोर बाहेरून आलेले परीक्षक, वीरधवल सर, हनुवटीखाली दोन बोटं ठेवून डोळे मिटून बसले होते. जयराजने पान गाळलं नाही. आवाज थोडा खाली आणला, तसं शिकवलंच होतं, आणि वडिलांना मारलं.

श्रद्धांजली (कार्यक्रमपत्रिकेत नव्हती)

"इथं टाळ्या नकोत," वीरधवल सर उठत म्हणाले. "दोन मिनिटं उभं राहू या."

बाकं करकरली. कोणी मान खाली घातली, कोणी मान खाली घालून मोबाइल बघितला. मागे भाऊसोही उभे राहिले. टाचा जुळलेल्या, मुठी पँटच्या शिवणीला टेकलेल्या. एवढ्या वर्गात नीट उभा असलेला तो एकच माणूस होता.

पहिल्या बाकावरच्या ब्राह्मीने मागे वळून पाहिलं. मग जयराजकडे. दोघांचे तेच पुढे आलेले कान.

"मेलेला माणूस सावधानमध्ये उभाय रे," ती ओठ न हलवता म्हणाली. "विश्राम तरी म्हण त्याला."

चर्चा

"आपण कोण?" चौगुले सरांनी मागे पाहत विचारलं.

भाऊसोंनी आधी मुलाकडे बघितलं. जयराज हातातले कागद उगाच जुळवत होता. ते जुळलेलेच होते.

"मी थोरला भाव त्येंचा," भाऊसो म्हणाले. "म्हंजे ह्येचा चुलता. तात्या म्हंतो मला."

वर्ग हळहळला. वीरधवल सर चालत मागे गेले आणि त्यांनी भाऊसोंचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुमच्या भावाविषयी ऐकायला आवडेल. ती गोळी..."

"गोळीबिळी न्हाई, साहेब."

चौगुले सरांनी सहीचा कागद उचलला. "कथेत गोळी आहे."

"कथंत आसंल. पोराला काय ठावं? लय ल्हान व्हता तवा."

"मग कसे गेले?"

भाऊसोंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला.

"लंगरात व्हता आमचा..." ते नावापाशी अडले, मग म्हणाले, "भाऊसो. वरच्या चौकीला च्या घेऊन निगाला. लय हसायचा, निगतानाबी हसत व्हता. दोर धरून जायचं आसतं. दोर व्हता तसाच ऱ्हायला, खालचा बर्फ पोकळ. किटली गावली. त्यो न्हाई. सांजच्याला मी," आणि लगेच, "म्हंजे त्येच्या जोडीदारानं, रोट्या लाटल्या. रोजच्या हाताला रोजचीच सवय. त्येच्याबी चार लाटल्या. खायला बसल्यावर कुणी म्हनलं न्हाई, चार जादा झाल्या म्हनून."

"वा!" वीरधवल सर म्हणाले, आणि जरा मोठ्याने झालं म्हणून पुन्हा हळू म्हणाले, "वा. जयराज, हे आहे साहित्य. गोळी काढा. किटली घ्या. रोट्या घ्या. हे तुमच्या घरात होतं आणि तुम्ही सिनेमातलं लिहीत बसलात!"

गुण

पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. दोन कापले ते गोळीचे. दुरुस्त प्रत सोमवारपर्यंत.

पुनर्लेखन

पेनांची टोपणं निघाली. आधी पहिल्या बाकावर, मग मागे मागे. कोणीतरी शेजाऱ्याला विचारलं, किटली ॲल्युमिनियमची म्हणाले का? ब्राह्मीने आपली वही मिटली आणि हाताची घडी घालून जयराजकडे बघत राहिली.

जयराज मंचावरून उतरला. बाकांच्या मधून चालत शेवटी आला, वडिलांच्या समोरच्या बाकावर उलटा बसला आणि त्याने कोरं पान काढलं.

"तात्या," तो म्हणाला, "त्या जोडीदारानं मग त्या चार रोट्यांचं काय केलं?"

भाऊसोंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. नंतर पेन धरलेल्या हाताकडे. मग ते सांगू लागले, एकेक वाक्य सुटं करून. वाक्य झालं की थांबत होते. पेन थांबलं की पुढचं.