शिकारीचे दिवस

केर्तूच्या संगणकात हवाई दलाची सगळी लढाऊ विमानं होती. खोटी, पण बिघडायची मात्र अगदी खऱ्यासारखी. कुणाचं इंजिन रुसायचं, कुणाचा सुटा भाग वाटेत अडकायचा, दुरुस्तीला रांग लागायची. तळावर जे वर्षभर चालतं ते इथे कॉफी गाळून होईस्तोवर उरकायचं. या वेळी प्रश्न एकच होता: पार उत्तरेला, लॅपलँडमधला दुरुस्तीचा कारखाना बंद करून सगळं काम दक्षिणेत आणलं तर निभेल का?

निभेल, असं संगणक सांगत होता. केर्तूला तेच ऐकायचं होतं, कारण तिचा नवरा ओस्मो त्याच उत्तरेच्या कारखान्यात मेकॅनिक होता. लग्नानंतरचे सगळे हिवाळे तिने एकटीने काढले होते. चादर बदलताना त्याच्या उशीला हात लागला की तिला रडू फुटायचं, आणि मग स्वतःचाच राग यायचा. एवढी शिकलेली बाई! पण माणूस हवासा वाटतो, त्याला शिक्षण काय करणार?

अहवाल दुसऱ्या दिवशी जायचा होता. दुपारी ओस्मोचा फोन आला.

"काय म्हणतात तुझी खेळण्यातली विमानं?"

"मजेत आहेत. तुमच्यापेक्षा लवकर दुरुस्त होतात."

"होणारच! तुझे मेकॅनिक कॉफीला कुठे उठतात?" तो हसला. "ए, पण एल्कच्या शिकारीला तरी सोडतेस का त्यांना?"

"म्हणजे?"

"अगं, हंगाम उघडला की तुमच्या दक्षिणेकडचा अख्खा कारखाना रानात. माझा बाप तिथेच होता, मला नको सांगूस. रजा कुणी मांडत नाही, आणि मुकादमच बंदूक घेऊन सगळ्यांच्या पुढे! आमची शिकार आधीच उरकलेली असते, म्हणून त्या दिवसांत तिकडची विमानंही आम्हीच निस्तरतो."

केर्तू हेलसिंकीत वाढलेली. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण, पण तिने पाहिला तो ताटातच. तिच्या संगणकातले मेकॅनिक बिचारे बारा महिने इमानेइतबारे कामावर होते.

फोन ठेवून तिने शेजारच्या टेबलावरच्या रैयाला सगळं सांगितलं.

"मग गप्प बस की," रैया म्हणाली. "नवरा घरी येतोय तुझा. कुणाला कळणार आहे?"

"ऑक्टोबरमध्ये हंगाम उघडला की सगळ्यांनाच कळेल."

तिने संगणकात शिकार घातली. बघता बघता दक्षिणेच्या कारखान्यापुढे विमानांची ही गर्दी झाली. तिने शिकारी कमी करून पाहिले, मग आणखी कमी केले. आपण स्वतःलाच फसवतोय हे कळल्यावर तिने मुकाट्याने ते सगळे परत रानात पाठवले, आणि उत्तरेचा कारखाना ठेवावा असं लिहून अहवाल धाडून दिला. मग ओस्मोला फोन लावला.

"तुमचा कारखाना राहतोय."

"शिकारीमुळे?"

"हो."

"म्हणजे मीच बोललो."

"तूच! जरा तोंड आवरता आलं नाही रे तुला?" ती ओरडली. "मला तू इथे हवा होतास. रोज हवा असतोस, मेल्या."

"बरोबर केलंस तू," तो म्हणाला. "मी सामान बांधून ठेवलं होतं गं. दाढीचा वस्तरा तेवढा बाहेर आहे."