मोरेश्वरच्या डोक्याचा फोटो

"काका, हलू नका म्हटलं ना."

"मी कुठं हलून राहिलो?"

"बोलून राहिले ना तुम्ही. बोललं का डोकं हलते, फोटो खराब होते."

नागपूरच्या दवाखान्यात, गोल यंत्राच्या भोकात डोकं घालून निजलेला मोरेश्वर ढोबळे गप्प झाला. पांढुर्ण्याच्या नगरपालिकेतला हा कारकून पाच मिनिटं न बोलता राहू शकतो, हे ऑफिसात कुणाला सांगून पटलं नसतं. यंत्रावरच्या बाईंनी त्याच्या शिरेत औषध टोचलं होतं. त्यामुळे मेंदूतल्या रक्तवाहिन्याही फिल्मवर उठून दिसतात म्हणे.

अठरा वर्षांपूर्वी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीच्या दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड फेकायची गोटमार चालू असताना समोरच्या सावरगावच्या काठावरून आलेला एक गोटा त्याच्या डाव्या कानाच्या वर बसला. फेकणारा होता उत्तम, त्याच्या बायकोचा, कमलचा, सख्खा भाऊ. दोन्ही काठांवर सोयरेधायरे असतात, म्हणून त्या दिवसाचा राग कुणी धरत नाही. जखमेवर चंडीच्या देवळातलं भस्म लावायचं आणि विषय संपवायचा. मोरेश्वरनं तो संपू दिला नाही. पहिलं वर्ष डोकं खरंच ठणकलं. पुढच्या सतरा वर्षांत ते कधी दुखलं आणि कधी त्यानं दुखवलं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. दळण आणायचं म्हटलं की कळ यायची. लग्नात वाढायला बोलावलं की यायची आणि जेवायला बसलं की थांबायची. कमल शेजारणींना हळू बोलायला लावायची. उत्तमनं तर गोटमारीत जाणं कायमचं सोडलं. अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर, मेंदूचे आडवे काप दाखवणारं यंत्र नागपुरात असल्याचं कळताच, तोच भाऊजींना घेऊन निघाला.

निकालाच्या वेळी मात्र तो बाहेरच थांबला. "मले नाही ऐकवत. तुम्हीच ऐका."

डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. संत्र्याच्या चकत्यांसारखे बारा गोल दिसले.

"एकदम स्वच्छ. मेंदू चांगला, रक्तवाहिन्या चांगल्या. जुनी काही खूण नाही."

"साहेब, डाव्या बाजूनं पाहा ना नीट. मोठा गोटा होता."

"पाहिलं."

"एखादी नस तरी दबली असन?"

"नाही हो. आनंदाची गोष्ट आहे."

मोरेश्वरला आपली पेन्शन बंद झाल्यासारखं वाटलं.

परतताना सौंसरवरून जाणाऱ्या बसमध्ये तो कपाळ धरून, डोळे मिटून बसला. इंग्रजी रिपोर्ट उत्तमला वाचता येत नव्हता आणि विचारायचा धीरही होत नव्हता. 'एक नस दबली आहे' एवढं म्हटलं की मरेपर्यंतची सोय होती. लोधीखेड्यापर्यंत मोरेश्वरनं ते वाक्य मनात घोटून ठेवलं.

जामसांवलीला उत्तमनं त्याला उतरवून थेट मारुतीपुढे नेलं आणि पिशवीतून नारळ काढला.

"नवस केला होता, भाऊजी. फोटोत काही नाही निघालं तं नारळ फोडीन. सांगा आता. फोडू?"

मोरेश्वरनं मारुतीकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"अठरा वर्षं झाले," उत्तम नारळाची शेंडी सोलत म्हणाला. "माही पोरगी झाली, तं मी तिले दोन महिने उचलून घेतलं नाही. याच हातानं गोटा मारला ना तुमाले."

हे मोरेश्वरला ठाऊक नव्हतं. त्याला फार लाज वाटली.

"फोड," तो म्हणाला.

"खरं?"

"काहीच नाही निघालं. डाक्टर म्हणे, झकास हाय डोक्स. फोड ना बाप्पा, मंग बस नाही भेटन."

उत्तमनं नारळ फोडला आणि दुपट्ट्यात तोंड घालून तिथंच फरशीवर बसून रडला.

पांढुर्ण्यात उत्तमनं ही बातमी कमलला दारातूनच सांगितली. तिनं देवापुढे साखर ठेवली, डोळे पुसले. तेवढ्यात गल्लीतला नळ आला. तिनं दोन्ही बादल्या नवऱ्याच्या हातात दिल्या.

दिवसभराच्या बसच्या धक्क्यांनी मोरेश्वरचं डोकं तेव्हा खरोखरच ठणकत होतं. कानाच्या वर, जुन्याच जागी. नळावर शेजारच्या प्रेमलताबाईंनी त्याला पाहिलं आणि स्वतःची बादली मागं घेतली.

"भरा तुम्ही पहिले. तुमचं डोक्स दुखते ना."

"नाही जी," मोरेश्वर म्हणाला. "आता नाही दुखत."

आणि तो रांगेत शेवटी जाऊन उभा राहिला.