मी हललोच नव्हतो

मी पत्र्याचा कोंबडा बोलतोय. मी आरवत नाही, दाणे टिपत नाही. फळबागेतल्या पंपघराच्या छपरावर उभा राहून वारा कुठून येतोय, तेवढं दाखवतो. एकच काम, आणि त्यातही घोळ झाला. चुकलं कोण, ते मला अजून कळत नाही.

मला वेल्डरदादांनी घडवलं. जन्मभर वेल्डिंगचा धूर छातीत गेलेला, त्यामुळे जिना चढतानाही त्यांना धाप लागते. त्यांचं घर उताराखाली, वर थोरल्या बहिणीची बाग. ताई छाटलेल्या फांद्या जाळायची आणि खाली दादा खोकून बेजार व्हायचे. रोजच्या कटकटीला कंटाळून त्यांनी तेलाच्या जुन्या डब्यातून मला कापलं. शेपूट जरा वाकडी झाली, पण तुरा झकास जमलाय.

"चोच माझ्या घराकडे असली, की वारा माझ्याकडून तुझ्याकडे येतोय. तेव्हाच काडी लाव," दादांनी बजावलं.

"आणि शेपूट तुझ्याकडे असली तर?"

"तर चहा पीत बस!"

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग गेल्या हिवाळ्यात ती सकाळ उजाडली. आदल्या संध्याकाळच्या शेवटच्या झुळकीने माझी चोच दादांच्या घराकडे वळवली आणि वारा पडला. सकाळी पानसुद्धा हलत नव्हतं. ताईने वर पाहिलं, "शहाणा रे माझा कोंबडा!" म्हणाली आणि ढीग पेटवला.

धूर झाडांच्या शेंड्यांपर्यंत गेला आणि तिथेच अडला. मग आडवा पसरला आणि हळूहळू उतारावरून खाली सरकू लागला. वारा नाही, तरी धूर चाललाय! मी पार गोंधळलो. मला वळायचं होतं, पण वाऱ्याशिवाय मी वळू कसा? तासाभरात दादांना दवाखान्यात न्यावं लागलं.

दोन दिवसांनी ताई पंपघरापाशी रडत होती. शेजारी गावातल्या नर्सबाई उभ्या होत्या.

"कोंबडा बघूनच पेटवलं हो मी! आणि भाऊ म्हणतोय, मी जुन्या भांडणाचा राग काढला."

"अहो, वारा नसला की कोंबडा कालचंच दाखवतो," नर्सबाई म्हणाल्या. "थंडीत सकाळी खाली गार हवा असते, वर उबदार. झाकण ठेवल्यासारखं होतं. धूर वर जात नाही, गार हवेबरोबर उतरणीला लागतो."

मला ते अर्धंच समजलं. गप्प राहूनही खोटं बोलता येतं का?

आता दादा घरी आलेत. ताई फांद्या जाळत नाही, खड्ड्यात कुजवते. दादा मात्र तिच्याशी बोलत नाहीत. ती रोज सकाळी पंपघरापाशी उभी राहून माझ्याकडेच बघत बसते.

ताई, माझ्याकडे काय बघतेस? मला काही कळत नाही गं. उतार उतरून जा, त्याचं दार वाजव. आधी विचार, आज श्वास कसा आहे. मग सांग त्याला, कोंबडा हललाच नव्हता.