बेलवरचं आडनाव

ऑक्टोबरातलं ऊन जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला कधी घाईने येत नाही. आधी समोरच्या कौलांची कड तेवढी फिकट होते. मग वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरातल्या काचेवर वाफेचे ओघळ उजळतात, ओट्यावर कुणीतरी न धुता ठेवलेल्या पातेल्याचा काठ चमकतो, आणि सर्वांत शेवटी ते टेबलावर येऊन टेकतं. लांबून चालत आलेल्या माणसासारखं, दमलेलं, ऊब न आणता. त्या उजेडात निहार हात ठेवून बसला होता. चहा केव्हाच निवला होता.

आजच्या रविवारी त्याला भास्करकाकांकडून घराची किल्ली मिळायची होती. तीस वर्षांपूर्वी पुण्याहून येऊन इथेच स्थिरावलेल्या काकांचं दोन खोल्यांचं घर रिकामं होतं. बीडला थांबलेल्या मैथिलीला, त्याच्या बायकोला, व्हिसा हवा तर पुरेशा जागेचा भाडेकरार दाखवणं भाग होतं. दहा दिवसांपूर्वी तो काकांकडे गेला, तेव्हा त्यांच्या पत्नी मालिनीकाकूंनी पोहे खाऊ घातले, काकांनी त्याच्या प्रबंधाची आपुलकीने चौकशी केली, सगळं ठरलं. निघताना काका पेन काढून म्हणाले, "क्लिंगेलशिल्डवर काय घालू? इथे बेलवर आडनावच लागतं."

"ओव्हाळ."

पेन थोडं थांबलं. "ओव्हाळ म्हणजे... कुठले?"

"बीडकडचे."

"या, या," काका जर्मन होकार देत म्हणाले, आणि पेन खिशात गेलं.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. काकूंचा भाचा अचानक यायचा होता, घर आता देता येणार नव्हतं. आवाजात खरोखरीचं वाईट वाटणं होतं. निहारने ते मानलं. भाचे येतात.

१९६८ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घरांबाबतच्या ज्या कायद्यावर सही केली, त्याचा तिथल्या समाजावर काय परिणाम झाला, हा निहारच्या प्रबंधाचा विषय होता. पाच वर्षं तो त्यात बुडालेला होता. वर्णावरून घर नाकारणं त्या सहीने बेकायदा ठरवलं. कितीतरी कुटुंबांना त्यामुळे हक्काने दार वाजवता आलं. तोंडावर नाही म्हणणारे मालक कमी झाले. हसून, कॉफी पाजून नाही म्हणणारे मात्र उरले. मग त्यांना ओळखायला कार्यकर्ते त्याच दारी दुसरा माणूस पाठवू लागले, फक्त वर्णाने वेगळा. त्या प्रकरणावर प्राध्यापकांनी निहारची पाठ थोपटली होती.

सिद्धेश पटवर्धन ब्रेडची पिशवी घेऊन आत आला. शेजारच्या खोलीतला, यंत्र अभियांत्रिकीचा, मनाने निर्मळ मुलगा.

"आल्झो, तर तुझे आभार मानायचेत," तो म्हणाला. "भास्करकाकांचं घर मी घेतलं. परवा महाराष्ट्र मंडळात भेटले, स्वतःहून विचारलं. तुझा विचार बदलला म्हणाले."

निहारने पेला उचलून विसळायला घेतला. पाणी बराच वेळ वाहू दिलं.

"बदललाच ना? नाहीतर मी सोडतो, गेनाऊ, अगदी नक्की सांग."

"बदलला," निहार म्हणाला. "उजेड चांगला आहे तिथे. घे तू."

सिद्धेश सामान बांधायला गेला. निहारला त्याचा रागही आला नाही. राग यायला जे त्राण लागतं, ते कुठेतरी वाटेतच संपलं होतं.

दुपारी मैथिलीचा फोन आला. भाचा किती दिवस राहणार, हे तिने आधी विचारलं. मग आपण काकूंशीच बोलून बघावं का, असं म्हणाली; पायाशी लहान मूल नाही, आवाज नाही, दोनच माणसं, हे त्यांना सांगता येईल. तिने गोधड्याही धुऊन ठेवल्या होत्या.

"नको बोलूस," तो म्हणाला.

"अहो, पण का? आपलं काय चुकलं?"

आठवडाभर जे तिला सांगितलं आणि स्वतःलाही पटवलं, तेच पुन्हा जिभेवर आलं. त्याने ते गिळलं.

"भाचा नाही कुणी," तो म्हणाला. "आपण ओव्हाळ आहोत म्हणून."